खुंटी की पाचर

फेब्रुवारी सरत आला की अमेरिकेच्या ईशान्येकडच्या व्हरमाँट राज्यात हवामानाचा अंदाज बघायची रीत बदलते. डिसेंबर-जानेवारीत बर्फ किती पडणार याची धास्ती असते. आता माणसं दोनच आकडे बघतात. रात्रीचा शून्याखाली हवा आणि दुपारचा शून्याच्या वर. रात्री उणे ६, दुपारी अधिक ५, स्वच्छ ऊन आणि वारा पडलेला, असे चार दिवस लागोपाठ दिसले की पोस्टात, पेट्रोल पंपावर, शाळेच्या फाटकाशी एकच विषय. रस सुटला का?

रस म्हणजे शुगर मेपल या झाडाचा. दिसायला पाणी, चवीलाही जवळजवळ पाणीच; जिभेवर घोळवला तर शेवटी कुठेतरी गोडाची शंका येते. साखर जेमतेम दोन टक्के. म्हणून चाळीसेक लिटर रस आटवावा तेव्हा लिटरभर सिरप हाती लागतं. मार्चचा पहिला मंगळवार हा इथल्या गावसभांचा दिवस, आणि जुन्या लोकांच्या हिशेबात झाडांना भोकं पाडायचा मुहूर्तही तोच. आता थंडीचा भरवसा उरला नाही आणि मुहूर्त बराच अलीकडे आलाय. ज्यांच्याकडे हजारो झाडं आहेत ते जानेवारीतच ड्रिल घेऊन रानात शिरतात.

या धंद्याचे फोटो भरपूर निघतात. वाफेने भरलेलं लाकडी शुगरहाऊस, म्हणजे रस आटवायची खोप, बर्फातल्या बादल्या, पॅनकेकवर ओघळणारं सिरप. पण सगळं जिच्यावर अडलेलं असतं ती झाडात ठोकलेली तोटी फोटोत असली तरी कोणाच्या लक्षात येत नाही. बोटभर लांबीची, एका टोकाला निमुळती, आतून पोकळ. पूर्वी लाकडाची होती, मग धातूची झाली, आता बहुतेक प्लास्टिकची. तिने करायचं एवढंच की हंगामभर जागेवर राहायचं. आणि गंमत अशी की ज्या थंडीवाचून झाड थेंब देत नाही, तीच थंडी रोज रात्री या तोटीला बाहेर ढकलत असते. मेपलवाल्याची निम्मी अक्कल या भांडणात खर्च होते, असं माझं मत आहे. उरलेली निम्मी लाकडं फोडण्यात.

झाडाच्या आत काय चालतं ते आधी सांगायला हवं, नाहीतर पुढचं कळणार नाही. बहुतेक झाडांच्या लाकडात रस वाहून नेणाऱ्या नळ्यांच्या भोवतीचे तंतू पाण्याने भरलेले असतात. मेपलमध्ये ते पोकळ असतात, त्यांत वायू असतो. रात्री पारा शून्याखाली गेला की नळ्यांमधलं पाणी या तंतूंत ओढलं जातं आणि त्यांच्या आतल्या भिंतींवर बर्फाचा थर धरतो. आतला वायू दाबला जातो, कोंडला जातो. नळ्यांत ओढ निर्माण होते आणि मुळं जमिनीतून पाणी वर खेचतात. सकाळी ऊन लागलं, बर्फ वितळलं, की कोंडलेला वायू फुगतो आणि रस नळ्यांमध्ये परत लोटतो. रसातली साखरही हा दाब वाढवायला आणि टिकवायला मदत करते. या दाबाखाली असलेल्या खोडाला कुठे भोक मिळालं, तर रस तिथून बाहेर. म्हणजे झाड रात्री श्वास आत घेतं आणि दुपारी सोडतं. नुसती थंडी असेल तर सगळं गोठलेलं, नुसती ऊब असेल तर दाबच नाही. दोन्ही आलटून-पालटून हवं.

आता त्याच रात्री तोटीचं काय होतं ते बघा. भोक साधारण ८ मिलिमीटर रुंद आणि ४-५ सेंटिमीटर खोल. तोटी त्यात जेमतेम बोटाच्या पेरापर्यंत शिरलेली. तिच्या मागे, भोकाच्या तळाशी थोडी मोकळी जागा राहते, तिथे रस साचतो. भोक पाडताना ते बाहेरच्या बाजूला किंचित उतरतं ठेवतात, रस साचू नये म्हणूनच. पण संध्याकाळी पारा झपाट्याने उतरला तर शेवटचा घोट आत राहतोच. तो गोठतो. पाणी गोठलं की सुमारे नऊ टक्के फुगतं. मागे आणि बाजूंना घट्ट लाकूड, समोर तेवढी एक निमुळती तोटी. मग जागा कोण सोडणार? निमुळत्या वस्तूचा हा स्वभावच आहे. ती जेवढ्या सहज आत जाते तेवढ्याच सहज बाहेरही येते.

सकाळी रानात गेलं की हे नुसत्या डोळ्यांना दिसत नाही. वाकून बघावं लागतं. तोटीच्या भोवती सालीला लागून एक पांढरी कड दिसते, नखाच्या जाडीची. काल ती नव्हती. तिच्याखाली सालीच्या खाचेतून एक ओला पट्टा उतरलेला असतो, खालच्या टोकाला गोठून त्याचा बारीक सुळका झालेला. हात लावला तर तोटी हलत नाही, कारण बर्फाने तिला धरून ठेवलंय. नवख्याला वाटतं, छान घट्ट आहे. दहा वाजता ऊन बुंध्यावर आलं की ती बर्फाची कड विरघळते आणि तोटी दातासारखी हलायला लागते. मग रस तोटीतून यायचा तो तिच्या खालून, सालीवरून वाहून जातो. बादली कोरडी आणि खालचं बर्फ पिवळट. तांबड्या खारी मात्र खूश. त्या स्वतःही मेपलची साल कुरतडतात, रस वाहू देतात, आणि वाऱ्याने पाणी उडून साखर राहिली की येऊन चाटतात. न आटवता, न लाकडं जाळता. माणसापेक्षा शहाणी पद्धत.

हलणारी तोटी दिसली की हातातली हातोडी आपोआप वर जाते. ठोक चांगली, पुन्हा हलायला नको. इथेच सगळं बिघडतं.

आमच्या शेजारच्या आजोबांकडे पूर्वी गाई होत्या, दूध डेअरीला जायचं. गाई गेल्या, मेपलचं रान राहिलं. अजूनही ते बादल्याच लावतात, प्लास्टिकच्या नळ्या नाहीत. हंगामात त्यांच्याबरोबर बादल्या रिकाम्या करायला मी जाते, आणि तोटी कशी बसवायची ते मला त्यांच्या हाताकडे बघून कळलं. तोंडाने ते फारसं काही सांगत नाहीत. त्यांची हातोडी छोटी, मुलांच्या खेळण्यातली वाटावी अशी. कोपरातून घाव घालत नाहीत, नुसतं मनगट हलतं. टक, टक, आणि तिसऱ्या किंवा चौथ्या घावाला आवाज बदलतो. आधी पोकळ, वरच्या पट्टीतला असतो, तो एकदम खाली येतो, भरीव होतो. आवाज बदलला की हात थांबतो. त्यानंतर एकही घाव नाही. कोणी हौशी पाहुणा शेजारी उभा असला आणि ‘अजून एक घाला ना’ म्हणाला, तर आजोबा हातोडी खिशात टाकतात. तेच त्यांचं उत्तर.

कारण साधं आहे. लाकूड उभ्या रेषेत चिरतं. तोटी गरजेपेक्षा जास्त आत लोटली की भोकाच्या वर आणि खाली केसासारखी बारीक चीर जाते. बाहेरून सालीमुळे ती दिसत नाही. त्या चिरेतून रस झिरपत राहतो, हवा आत शिरते, आणि तोटी आता कितीही ठोकली तरी घट्ट बसत नाही, कारण तिला धरणारं लाकूडच फाकलंय. वर झाडाला जखम मोठी. गोठलेल्या लाकडात तर हे फार सहज होतं. उबदार लाकूड थोडं दबतं, तोटीला जागा करून देतं. गोठलेलं लाकूड दबत नाही, फुटतं. म्हणून भोकं पाडायची ती पारा शून्याच्या वर असताना, हा नियम. आणि रात्री बाहेर आलेली तोटी सकाळी सातला, मागे बर्फ असताना ठोकायची नाही. मागचा बर्फ दबणार नाही, लाकूडच मार खाणार. ऊन लागू दे, तोटी हाताला सैल लागू दे, मग एक हलका घाव.

एका मार्चमध्ये बाबा इथे आले होते. कोल्हापूरकडचे, जन्म उसाच्या शेतात गेलेला. इथल्या थंडीने पहिले काही दिवस ते घराबाहेरच पडले नाहीत. मग कंटाळून माझ्याबरोबर रानात आले. कानटोपी, त्यावर मफलर, त्यावर माझ्या नवऱ्याच्या जाकिटाचं हूड. बराच वेळ नुसते बघत राहिले. मी एक तोटी बसवत होते, आवाज बदलला होता, तरी हात थांबायला तयार नव्हता. मागून बाबा म्हणाले, ‘‘आत्ता ही खुंटी हाय. आजून दोन घाव घाल, पाचर हुतीय बघ.’’

वस्तू तीच असते. निमुळतं लाकूड एका मर्यादेपर्यंत आत गेलं तर खुंटी, तिला काहीही अडकवा. त्यापुढे गेलं की पाचर, ती ओंडका फोडणार. बाबांना मेपल ठाऊक नव्हता, पण कुदळीच्या दांड्यात, नांगराच्या जोखडात, गोठ्याच्या खांबात त्यांनी आयुष्यभर खुंट्या आणि पाचरी ठोकल्या होत्या. आजोबांना मी ते वाक्य इंग्रजीत सांगितलं, कसंबसं. त्यांनी बाबांकडे बघून मान हलवली आणि हातातली हातोडी त्यांच्या हातात दिली. मला ती कधी दिली नव्हती.

त्याच दिवशी संध्याकाळी आम्ही शुगरहाऊसमध्ये गेलो. बाबा तिथे जे रमले ते निघेनात. पसरट कढई, खाली लाकडांची आग, वर छताच्या झरोक्यातून वाफ. त्यांच्या लेखी ते सरळ सरळ गुऱ्हाळ होतं. चुलवाणात चिपाडाऐवजी लाकूड आणि काहिलीऐवजी स्टीलची चौकोनी कढई, एवढाच फरक. फेस वर आला तेव्हा आजोबांनी त्यात सायीचा एक थेंब टाकला, फेस झटक्यात बसला, आणि बाबा मोठ्याने हसले. आपल्याकडे गुळव्या काहिलीत तेलाचा थेंब सोडतो, तो याचसाठी. पाण्याच्या उकळबिंदूच्या चार अंश वर तापमान गेलं की सिरप झालं, असं मापाने सांगतात. पण आजोबा पळीने उचलून कडेने सोडून बघतात. थेंब पडायचे थांबून कडेला पातळ पडदा धरला की उतरवायचं. बाबांना तेही पटलं. पटलं नाही ते रसाचं. उसाच्या रसात साखर सोळा ते वीस टक्के, आणि इथे दोन. ‘‘एवढी लाकडं जाळायची नि हातात एवढंसं?’’ असं ते मला मराठीत विचारत राहिले, आजोबांना कळणार नाही या भरवशावर. आजोबांना चेहऱ्यावरून कळत असावं.

हा प्रश्न तसा जुना आहे. अमेरिका स्वतंत्र झाल्यावर १७९० च्या सुमारास फिलाडेल्फियाचे डॉक्टर बेंजामिन रश आणि त्यांच्यासारखे काही लोक मेपलच्या साखरेचा हिरिरीने प्रचार करत होते. वेस्ट इंडीजमधली उसाची साखर गुलामांच्या घामातून येते, मेपलची साखर शेतकरी आपल्या बायकापोरांच्या मदतीने काढू शकतो, हा त्यांचा मुद्दा. १७९१ मध्ये थॉमस जेफरसन (पुढे अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष झाले ते) यांनी आपल्या व्हर्जिनियातल्या मॉन्टिसेलोच्या मळ्यावर मेपलची रोपं लावली, पण तिथे साखरेचं रान काही उभं राहिलं नाही. त्याच मळ्यावर त्यांचे स्वतःचे गुलाम राबत होते, हेही लक्षात ठेवायला हवं. व्हर्जिनियातला हिवाळाही व्हरमाँटसारखा नाही. रोज रात्री गोठून दुपारी वितळणारे आठवडे तिथे इतके सलग मिळत नाहीत.

गोऱ्या लोकांच्या कितीतरी आधीपासून अनिशिनाबे आणि हौडेनोसौनी हे इथले मूळ लोक मेपलचा रस काढून आटवत आले आहेत. ते सालीत तिरकी खाच घेत आणि खाचेच्या खालच्या टोकाला सालीची किंवा लाकडाची पट्टी खुपसत. रस तिच्यावरून ओघळून बर्च झाडाच्या सालीच्या भांड्यात पडे. वसाहतवाल्यांनी गिरमिट आणलं. खाचेपेक्षा गोल भोक बरं, झाडाला जखम कमी. आणि गोल भोकाला गोल तोटी. त्यासाठी सुमाक नावाच्या झुडपाची फांदी कापायची, तिच्या आत मऊ गाभा असतो तो तापलेल्या तारेने काढून टाकायचा, एक टोक तासून निमुळतं करायचं. या लाकडी तोटीचा एक गुण असा की ती ओली होऊन फुगते आणि भोकात आपोआप घट्ट बसते. दोष असा की ती सडते, आणि पुढच्या वर्षी तीच वापरली तर जुनी बुरशी नव्या भोकात. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात ओतीव धातूच्या तोट्या आल्या, बादली अडकवायला आकडा असलेल्या. आजोबांच्या बहुतेक तोट्या त्याच जातीच्या आहेत, त्यांच्या वडिलांच्या वेळच्या.

बादली आणि आकडा म्हणजे तोटीवर वजन आलं. भरलेली बादली सहज बारा-पंधरा किलोची असते, आणि ते वजन तोटीच्या बाहेरच्या टोकाला लोंबकळतं. वाऱ्याने बादली डोलली की तोटी भोकात वरखाली हलते. म्हणून आजोबांचा एक नियम पक्का: बादली भरलेली असो वा अर्धी, संध्याकाळी रिकामी करायची. रात्री रस बादलीतच गोठला तर वजन तर राहतंच, शिवाय धातूची बादली तळाशी फुगते, सांधे सुटतात. गोठण्याचा एक फायदाही आहे. अर्धवट गोठलेल्या बादलीवर जो बर्फाचा पापुद्रा धरतो त्यात साखर कमी असते. काही लोक तो उचलून फेकतात, तेवढंच लाकूड वाचतं. आजोबा फेकत नाहीत. त्यात थोडी तरी साखर असणारच, असं त्यांचं म्हणणं. डेअरीवाल्या माणसाला काहीही ओतून देणं जड जातं.

भोकाच्या जागेवर मात्र त्यांचा आणि माझा वाद आहे. दक्षिणेकडची बाजू लवकर तापते, रस लवकर सुटतो, म्हणून ते आधी दक्षिणेला बघतात. मला वाटतं की बाजू कुठलीही असू दे, नवं लाकूड मिळणं महत्त्वाचं. झाड जखम भरून काढत नाही, ती भिंत बांधून बंद करतं. भोकाभोवतीचं, विशेषतः वर आणि खालचं, एक उभं पट्ट्यासारखं लाकूड कायमचं मरतं, तपकिरी होतं, आणि त्यातून पुन्हा रस येत नाही. बाहेर नवी साल येऊन भोक दोनतीन वर्षांत बुजतं, पण आतला डाग राहतोच. पुढच्या वर्षीचं भोक त्या डागापासून वीतभर बाजूला आणि वर किंवा खाली घ्यायचं. ड्रिलमधून पडणारा भुसा हाच पुरावा. मलईच्या रंगाचा भुसा आला तर जिवंत लाकूड. तपकिरी आला तर डाग लागला, तोटी कितीही घट्ट बसवा, भोक कोरडंच. पंचवीस सेंटिमीटर व्यासापेक्षा बारीक खोडाला भोक पाडायचंच नाही, आणि तेवढं जाड व्हायला शुगर मेपलला चाळीसेक वर्षं लागतात. पंचेचाळीसच्या आत एक तोटी, त्यापुढे फार तर दोन. आजोबांच्या वडिलांच्या काळात मोठ्या झाडाला तीन-तीन, चार-चार बादल्या लटकायच्या. जुन्या फोटोत ती झाडं बघून मला कसंतरी होतं.

ड्रिलचं पातंही धारदारच हवं. बोथट पात्याने भोक गोल पडत नाही, अंडाकृती आणि आतून लोंबत्या धाग्यांचं होतं, आणि अंडाकृती भोकात गोल तोटी बसवणं म्हणजे गळती आधीच लिहून ठेवणं. हात न हलवता सरळ आत, सरळ बाहेर. भुसा तोंडाने फुंकून काढायचा मोह होतो, तो टाळायचा. तोंडातले जंतू आत जातात. हंगाम शेवटी बंद पडतो तो कळ्या फुटतात तेव्हा रसाची चव बिघडते म्हणून, आणि भोकात जंतू वाढून ते बुजतं म्हणून. १९६० नंतर दोनेक दशकं लोकांनी यावर जालीम उपाय केला. भोकात फॉर्मल्डिहाइड या जंतुनाशकाची गोळी टाकायची आणि वर तोटी ठोकायची. जंतू मेले, रस जास्त आला, पण झाडाला भिंत बांधायची सवडच मिळेना आणि कुज खोडात खोलवर गेली. १९८० च्या दशकात ते बंद झालं, आणि फार उशिरा झालं असं मला वाटतं.

व्हरमाँटमधल्या बहुतेक मोठ्या रानांत आता बादली नाहीच. प्लास्टिकच्या निळ्या-हिरव्या नळ्या झाडावरून झाडावर ताणलेल्या, उतारावरून खाली टाकीकडे, आणि टाकीला पंप. पंपाने नळ्यांमधली हवा ओढून घेतात, पाऱ्याच्या २५-२६ इंचांपर्यंत (किती हवा ओढली याचं हे माप). वजन नाही, वाऱ्याने डोलणं नाही, आणि बादलीपेक्षा जवळजवळ दुप्पट रस. कॅनडात क्यूबेक प्रांत जगातलं सुमारे ७० टक्के सिरप करतो तो अशाच नळ्यांच्या जोरावर. पण तोटीचं भांडण इथेही संपलेलं नाही, उलट जास्त महाग झालंय. बादलीच्या झाडावर तोटी सैल झाली तर त्या झाडाचा रस जातो. नळीच्या रानात एक तोटी सैल झाली तर तिच्यातून हवा शिरते आणि त्या ओळीतल्या सगळ्या झाडांवरची ओढ कमी होते. म्हणून पहिल्या उबदार दिवशी माणसं रानात शिरून नळ्या बघत चालतात. रसाबरोबर नळीत बुडबुडे असतातच. ते संथ सरकत असतील तर ठीक. एखाद्या ठिकाणी बुडबुडे धावत सुटले की समजायचं, वरच्या बाजूला कुठली तरी तोटी गळतेय. जवळ गेलं की बारीक सूं असा आवाज येतो. खिशातून छोटी हातोडी काढायची, एक घाव. हजारो तोट्यांचं रान असेल तर हे काम दिवसचे दिवस चालतं, गुडघाभर बर्फात, पाय रुतू नयेत म्हणून रुंद स्नोशूज घालून.

जानेवारीत गोठलेल्या लाकडात ठोकलेल्या तोट्या इथे सगळ्यात जास्त त्रास देतात. मोठ्या रानवाल्याला पर्याय नसतो. सगळी झाडं उबदार दिवसांत करायची म्हटलं तर पहिला रस हातचा जातो. म्हणून तो थंडीत ठोकतो, हलक्या हाताने, आणि ऊब आल्यावर पुन्हा एक फेरी मारतो. नळी थोडी सैल ठेवायची, हेही त्याच्या हिशेबात असतं. ताणलेली नळी थंडीत आणखी आखडते आणि तोटीला बाजूने ओढते. वरून फांदी पडली तर तोटी सरळ निघून येते.

झाड संध्याकाळी गोठताना आत ओढ घेतं हे वर आलंच. तोटीला नळी जोडलेली असेल आणि पंप बंद असेल तर झाड नळीतला जुना रस, त्यातल्या जंतूंसकट, परत भोकात खेचतं. व्हरमाँट विद्यापीठाचं मेपलवर काम करणारं केंद्र व्हरमाँटमधल्याच अंडरहिल गावी आहे, १९४० च्या दशकापासून. तिथे या उलट्या प्रवाहावर काम झालं आणि २०१० च्या सुमारास अशा तोट्या आल्या की ज्यांच्या आत एक बारीक गोळी असते. रस बाहेर येताना गोळी बाजूला होते, मागे जायला लागला की ती भोक बंद करते. आजोबांना मी ती दाखवली. त्यांनी कानाशी नेऊन हलवली, आतली गोळी खुळखुळली, आणि परत दिली. धातूच्या तोटीला ठोकताना जो आवाज येतो तो प्लास्टिकला येत नाही, ही त्यांची तक्रार. प्लास्टिकची तोटी बसली की नाही हे कानाला नीट कळत नाही, हाताला कळतं म्हणे. आणि त्यांचे हात आता थंडीने बधिर होतात.

हंगाम चार ते सहा आठवड्यांचा. रस्त्यांवर चिखल झाला, रसाला कळ्यांचा वास यायला लागला, की तोट्या काढायच्या. हातोडीची मागची बाजू अडकवून सरळ बाहेर ओढायची, वाकडी नाही. भोक उघडं सोडायचं. त्यात मेण, लाकडाची खुंटी, काही भरायचं नाही, झाड आपलं बघून घेतं. धातूच्या तोट्या गरम पाण्यात उकळून, पूर्ण वाळवून, माळ्यावर. प्लास्टिकच्या बरेच जण दरवर्षी नव्या घेतात, कारण नव्या तोटीतून जास्त रस येतो.

तोट्या मोजून लावतात आणि मोजून काढतात. आजोबांच्या गोठ्याच्या दारावर खडूने आकडा असतो. तरी मोठ्या रानात एखादी राहतेच. झुडपामागे, उताराच्या पलीकडे, जिथे बादली आधीच पडून गेलेली असते. ती तोटी मग कुठलीच थंडी बाहेर ढकलू शकत नाही. साल दोन्ही बाजूंनी वाढत येते, आकडा गिळते, काही वर्षांनी बाहेर फक्त एक फुगवटा दिसतो, पुढे तोही नाही. झाड म्हातारं झालं, पडलं किंवा पाडलं, की ओंडका लाकडाच्या वखारीत जातो, आणि शंभर वर्षांपूर्वी कोणीतरी विसरलेला ओतीव धातूचा तुकडा करवतीच्या पात्याला भेटतो. साखरेच्या रानातला मेपल म्हटला की वखारवाले आधी ओंडक्यावरून मेटल डिटेक्टर फिरवतात, आणि भाव पाडूनच बोलायला सुरुवात करतात.